मुयार बाजाराला निघाली

या, असे पुढे सरकून बसा. आमच्या सिलो चॅपलचा हीटर पुढच्या दोन-तीन बाकांनाच ऊब देतो. मागे बसणाऱ्यांना धर्मसुद्धा गारच मिळतो. बसलात? मग आज एका मानेची गोष्ट सांगतो. गायीच्या नव्हे, माणसाच्या. ती एकदा हलली आणि तिच्यामागे रोसवेनचं अख्खं घर हललं. ऐकताना आपापली मान तेवढी आवरून धरा, म्हणजे झालं.

मान आर्वनची. आडनावं आमच्याकडे पोस्टमनच्या सोयीपुरती. माणूस ओळखायचा तो शेताच्या नावाने, म्हणून हा आर्वन रोसवेन. साठी उलटलेला, अंगाने आडवा, स्वभावाने लोणी. चॅपलचा डीकन, म्हणजे प्रवचनाच्या चौथऱ्याखाली जो मोठा बाक असतो त्यावर बसायचा मान त्याचा. आणि गाऊन सांगितलेल्या प्रवचनाचं त्याला वेड. ते वेड मी समजू शकतो. जुन्या वळणाचा प्रवचनकार आधी साधंच बोलतो, शेजाऱ्याने कुंपणावरून बोलावं तसं. मग एखादा शब्द जरा लांबतो. मग वाक्याला चाल लागते, चाल चढते, आणि बोलणं कुठे संपलं नि गाणं कुठे सुरू झालं हे कळायच्या आत माणसाचे डोळे भरून येतात. देवाने कान दिले ते याचसाठी, असं माझं प्रामाणिक मत आहे. आर्वनचे मात्र कान भरले की मान सुटायची. खाली-वर, खाली-वर. कबूल देवा, कबूल. परगावचे प्रवचनकार मोठ्या बाकाकडे नजर ठेवून असत; आर्वनची मान हलली की समजायचं, गाडी चढ चढली, आता उतरायला हरकत नाही.

या मानेवर रोसवेनची गुरं उभी होती, हीच सगळी पंचाईत.

आर्वनची आई लुनेदबाई गेल्या, तेव्हा जमीन त्यांनी आर्वनला दिली आणि गुरं तिन्ही मुलांत सारखी ठेवली. निदान गुरं विकायच्या निमित्ताने तरी वर्षातून एकदा तिघं एका टेबलाशी बसतील, हा हेतू. हेतू सफळ झाला. दर शरद ऋतूत तिघं बसत आणि उठताना एकमेकांचं तोंड बघत नसत.

यंदा रविवारी बसले. मंगळवारी बाजार होता.

धाकटा ग्विलिम कार्डिफहून आला होता. तिथे तो सरकारी कचेरीत बसतो. काय करतो ते त्याने अनेकदा सांगितलंय आणि आम्ही प्रत्येक वेळी विसरलोय. थोरली एलिनेद, बिनलग्नाची, चॅपलमध्ये ऑर्गन वाजवणारी, गावातल्या आपल्या गळक्या बंगलीतून चालत आली होती. आर्वनची बायको नेस्टा ओव्हनमधून मांस काढत होती.

"मला नको हं, वहिनी," ग्विलिमने ताटावर हात धरला. "मी सोडलंय. ईस्टरपासून. एक जीव जन्माला घालायचा, माया लावून वाढवायचा, आणि मग... छे! माझ्याने नाही बघवत."

"मग बघू नका, भावजी. बटाटे घ्या."

ग्विलिमने बटाटे घेतले. परत घेतले. "कार्डिफमध्ये कुणाला बटाटे भाजताच येत नाहीत," असं म्हणून तिसऱ्यांदा घेतले. बटाटे त्याच मांसाच्या चरबीत भाजलेले होते. टेबलावरच्या तिघांना ते ठाऊक होतं आणि चौथ्याला कुणी सांगितलं नाही. सत्य बोलावं, पण जेवणाऱ्याच्या ताटात टाकू नये, अशी आमच्याकडची रीत आहे.

पोट भरल्यावर ग्विलिमने विषय काढला. "दादा, परवा गोऱ्हे जातायतच बाजारात. त्यांच्याबरोबर मुयारलाही ने."

नेस्टाच्या हातातली ताटली टेबलावर जरा जोरात टेकली.

मुयार म्हणजे कुंपणावर पिकणारी काळी, रानटी फळं. त्याच रंगाची ही गाय. लुनेदबाई लग्नात माहेराहून जी काळी गाय घेऊन आल्या, तिच्या वंशातली ही शेवटची; बाकीच्या एकेक करून ग्विलिमच्या आग्रहाने गेल्या. गोठ्यात आता उरल्या होत्या त्या चार संकरित गायी, चांगल्या, पण कुणी थांबून बघावं अशा नव्हेत. मुयार गेली की वसंतात त्याही जाणार आणि मग रोसवेनवर गुरांच्या जागी काय उरणार हे सगळ्यांना माहीत होतं: आर्वन. मुयार तर गाभणही होती.

"जीव मारलेला बघवत नाही म्हणालात ना, भावजी?" नेस्टा म्हणाली. "मग विकलेला कसा बघवतो?"

"विकणं वेगळं, वहिनी. विकल्यावर पुढे काय होतं, त्याला आपण जबाबदार नाही."

"असं होय! मग तुम्हाला मांस खायला काय हरकत आहे? ते तर कधीच विकलेलं असतं."

आर्वनला हसू आलं, म्हणून त्याने मोठा घास घेतला. पण एलिनेद हसली नाही. तिने पेल्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "विका. माझ्या छपराखाली मी तीन बादल्या ठेवून झोपते. दरवर्षी पुढल्या वर्षावर ढकलता. विका त्या गायीला."

नेस्टाने नणंदेकडे बघितलं. चॅपलचं चहापाणी, मैताच्या घरी न्यायचे केक, सासूचं दुखणं, सगळं या दोघींनी मिळून काढलं होतं. हा घाव त्या बाजूने येईल असं तिला वाटलं नव्हतं.

दोन विरुद्ध एक झालं, आणि तो एक तरी कोण, तर आर्वन. बायको एकीकडे, भावंडं दुसरीकडे. देवानेही त्याला असल्या वेळी शब्द कधी दिले नाहीत. त्याने रश्शात पाव बुडवला आणि तोडगा काढला.

"असं करू. मुयारला न्यायची. रिंगणात फिरवायची. बोली कुठवर जाते ते बघायचं. सरतेशेवटी मेरियन मला विचारणारच, 'देऊ का?' म्हणून. आपण मान आडवी हलवायची. गाय घरी. किंमतही कळली, गायही राहिली. काय?"

आमच्या बाजारात गाय विकणारा स्वतः दावं धरून रिंगणात उभा असतो. बोली थांबली की लिलाव पुकारणारा, म्हणजे आमचा मेरियन, खाली वाकून त्याला विचारतो. मान खाली गेली की जनावर गेलं. आडवी हलली की जनावर आल्या वाटेने परत. कागद नंतर. मानेचा शब्द आधी.

"पटलं," ग्विलिम म्हणाला. इतक्या लवकर पटलं, की नेस्टाने त्याच्याकडे वळून बघितलं.

स्वयंपाकघरात दोघी भांड्यांना लागल्या. नेस्टा धूत होती, एलिनेद पुसत होती.

"वन्सं, तुम्हीसुद्धा?"

"गळतंय ते छप्पर माझं आहे."

"आणि गाय माझी आहे! बर्फात जन्मली ती. कान गोठले होते तिचे. या इथे, या चुलीपुढे, बाटलीने दूध पाजलंय मी."

"तुझी नाही ना." एलिनेद काचेचा पेला उजेडात धरून पुसत राहिली. "तेच तर आहे, बाई. गाय आम्हा तिघांची. आणि त्या तिघांत तू नाहीस. आईने माझं नाव घातलं, त्या कार्डिफच्या बटाटेखाऊचंही घातलं. तिच्या अंगाखालची चादर बदलणारीचं नाही घातलं. मी तेव्हा बोलले नाही. बोलायला हवं होतं की नाही, ते देव बघेल."

नेस्टाने हात साबणाच्या पाण्यात तसेच ठेवले. तिने विचारलं, "ते मान आडवी हलवतील?"

एलिनेदने पेला खाली ठेवला. "ऑर्गनवर बसले की माझी पाठ सगळ्यांकडे असते. समोर तो एवढासा आरसा. त्यात देव दिसत नाही, प्रवचनकार अर्धा दिसतो, पण आर्वनची मान पुरती दिसते. इतकी वर्षं बघतेय. आडवी हललेली एकदाही पाहिली नाही."

"लिलाव मेरियन पुकारणार."

"तोच रविवारी प्रवचनालाही उभा राहतो. मेल्याला आवाज एकच दिलाय देवाने, तो दोन्हीकडे वापरतो."

 मग नेस्टाने हात पुसले. "वन्सं, परवा तुम्ही कुठे बसणार?"

"तिसऱ्या रांगेत. नेहमीची जागा."

"मग तुमचं छप्परही होईल आणि माझं कामही. ऐका."

तिने नळ पूर्ण सोडला. पुढचं त्या दोघींनी आणि पाण्याने ऐकलं. शेजारच्या खोलीत ग्विलिम आरामखुर्चीत पडून होता. बायका आत भांडतायत असं त्याला वाटलं आणि फार बरं वाटलं.

मंगळवारी ग्विलिम बाजारात सगळ्यांच्या आधी पोचला. इतरांसारखी मळकी टोपी त्याने मुद्दाम मिळवली होती; पायातले बूट मात्र कार्डिफचे. कॅन्टीनच्या मागे मेरियन चहा पीत आवाज गरम करत होता.

"मेरियन, आमच्या आईच्या वंशातली गाय आहे हो आज. तिला नुसती पुकारू नका. तिच्याबद्दल थोडं सांगा. तुम्ही सांगता तसं."

"लिलावात?" मेरियनने कप खाली घेतला.

"का? देव काय फक्त रविवारीच ऐकतो?"

मेरियन भला माणूस आहे. पण भल्या माणसालाही आपला आवाज आवडतो. त्याने घसा खाकरला; ग्विलिम समजला.

इकडे ट्रॉलीपाशी नेस्टा, नळाखाली काय ठरलं ते नवऱ्याला कळू न देता, त्याच्या गळ्यात मफलर गुंडाळत होती. एक वेढा, दोन वेढे, तिसरा.

"अगं, गुदमरतोय मी!"

"गुदमरा. पण खाली-वर नाही करायचं. काय करायचं?"

"आडवी."

"परत म्हणा."

"आडवी, आडवी, आडवी. नेस्टा, मी लहान पोर आहे का?"

"पोराला एकदा सांगून कळतं."

आधी गोऱ्हे गेले. रोसवेनचे गोऱ्हे बरे निघाले होते यंदा. चकचकीत पाठीचे, भुशावर पाय आपटत आले आणि पलीकडच्या दाराने गेले. त्यांना नावं नसतात. जे विकायचं त्याला नाव दिलं तर पुढे कुणाच्याच घशाखाली उतरत नाही. प्रत्येक वेळी मेरियनने वाकून विचारलं, "देऊ?" आणि प्रत्येक वेळी आर्वनने मान खाली घातली. मान मोकळी झाली, वळणावर आली, तिला तेल मिळालं.

मग मुयार आली. काळीभोर, रुंद कपाळाची, शिंगांची टोकं वर वळलेली. भुशाचा वास घेतला, गर्दी बघितली आणि आर्वनच्या कोटात तोंड खुपसलं. बोली सुरू झाली, भराभर वर गेली. सीमेपलीकडचा एक इंग्रज व्यापारी काठी उचलत होता. तिसऱ्या रांगेत एलिनेद मांडीवर पर्स घेऊन बसली होती, ऑर्गनवर बसते तशी ताठ.

बोली मंदावली आणि मेरियनने हातोडा बाजूला ठेवला.

"ही गाय बघा," तो साधंच म्हणाला. "तिची आजी मी बघितलीय. वरच्या माळावर धुकं उतरलं की मला माझा हात दिसत नाही. या गायींना घर दिसतं." लोक थोडे गप्प झाले. "दारात लुनेदबाई उभी राहायची. हातात कंदील नाही, काठी नाही, नुसती हाक. आणि धुक्यातून ही यायची. हिची आई यायची. हिच्या आईची आई याऽऽयची..."

तो 'यायची' लांबला, आणि जुन्या मंडळींच्या पाठी सरळ झाल्या.

"आणि आपल्याला कोण हाक मारतंय, मित्रांनो? धुकं आपल्याही माळावर उतरतंय! गुडघे सांगतायत, डोळे सांगतायत, धुकं उतरतंय! तेव्हा त्या दारातून हाक येईल. मोठी नाही येणार, तुझ्याच नावाची येईल..."

कुणी टोपी काढली. दुसऱ्यानेही काढली. इंग्रज व्यापाऱ्याला आमच्या भाषेतलं अक्षर कळत नव्हतं. कुणीतरी गेलं असावं अशा समजुतीने त्यानेही टोपी काढली, काठी खाली केली आणि बोली थांबवली. तेवढ्यात तिसऱ्या रांगेत पेन्सिल वर झाली. मेरियनने ती डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपली. सूर न मोडता टिपली. कसब म्हणतात ते हे.

आर्वनला उकडत होतं. त्याने एका हाताने मफलरचा एक वेढा काढला. मग दुसरा. आडवी, तो स्वतःला सांगत होता, आडवी, आडवी. पण आईचा दारातला आवाज त्याच्या कानात होता, आणि डोळे भरल्यावर दिशा कुणाला कळतात?

"येशील ना रे घरी, हाक आली म्हणजे? सोडशील ना हातातलं दावं? देशील ना? देऊ ना मी, आर्वन? देऊऽऽ?"

मान खाली गेली. वर आली. पुन्हा खाली गेली.

हातोडा पडला.

क्षणभर नुसती मुयार श्वास घेताना ऐकू आली. मग आर्वन जागा झाला. "नाही! अरे, मी... ते मी त्या हाकेला म्हणालो!"

"मान हलली, आर्वन," मेरियन हळू आवाजात म्हणाला. तोही जरा शरमला होता. "दोनदा हलली."

वरच्या रांगेत ग्विलिमने टोपी नीट केली. नेस्टा कठड्याला धरून उभी होती. पण ग्विलिमने तिच्याकडे बघितलं तेव्हा ती रडत नव्हती, आणि त्याला ते आवडलं नाही.

"खरेदीदार?" मेरियनने विचारलं.

"रोसवेन," एलिनेद म्हणाली.

लोक हसले. "अहो बाई, रोसवेन विकतंय."

"विकणारं रोसवेन आर्वनचं. घेणारं नेस्टाचं. लिहा. पेन्सिल मी उचलली, माझा हात तिच्यापेक्षा स्थिर आहे म्हणून. पैसे तिचे."

ग्विलिम पायऱ्या उतरत खाली आला. "ताई, हा काय पोरखेळ? आपलीच गाय आपल्याच घरात? वहिनीकडे कुठून आले पैसे?"

"वरच्या कुरणात उन्हाळ्यात तंबू टाकून राहतात ना माणसं," नेस्टा म्हणाली, "त्यांच्या न्याहारीचे. अंडी मी तळते, भांडी मी घासते. त्यातला वाटा तुम्ही कधी मागितला नाहीत, भावजी. भांडी असतात म्हणून असेल."

"पण..."

"तुझा तिसरा हिस्सा तुला मिळाला," एलिनेद म्हणाली. "माझ्या छपराचं झालं. तुला पैसे हवे होते की गाय जायला हवी होती? नीट आठवून सांग."

ग्विलिमला नीट आठवेना.

"आणि वसंतात ती व्याली की?" त्याने शेवटचं विचारलं.

"वासरू आईच्या मालकाचं," मेरियन वरून म्हणाला. "आणि आता कृपा करून रिंगण मोकळं करा, मागे मेंढ्या ओरडतायत."

पण नेस्टा हलली नाही. तिने कठड्यावरून हात पुढे केला, तळवा वर. "शकुन?"

 विकणाऱ्याने घेणाऱ्याच्या हातावर शकुनाचं नाणं ठेवायचं, त्याशिवाय सौदा पुरा होत नाही. न ठेवणाऱ्याचं जनावर पुढच्या बाजारात कुणी घेत नाही. आर्वनने खिसे चाचपले. चॅपलमधल्या पेपरमिंटच्या गोळ्या निघाल्या, सुतळी निघाली. त्याने धाकट्याकडे बघितलं.

"ग्विलिम, एक नाणं दे रे."

सगळा बाजार बघत होता. ग्विलिमने दिलं. देताना त्याच्या तोंडावर जे होतं ते मी वर्णन करत नाही. दया हाही धर्म आहे.

आर्वन रीतीप्रमाणे तळहातावर थुंकला, नाणं ठेवलं आणि समोरच्या हातावर टाळी दिली. "लाभो तुम्हाला, बाई," तो म्हणाला. परक्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं, इतक्या वर्षांच्या सवयीने. मग समोर कोण आहे ते त्याच्या लक्षात आलं. त्याने हात सोडला नाही.

"अगं," तो हळूच म्हणाला, "किती खरखरीत झालाय गं हात तुझा."

"आज कळलं?" नेस्टाने दावं त्याच्या दुसऱ्या हातातून काढून घेतलं. "सोडा आता. माझी आहे ती."

मुयार तिच्यामागे निघाली, मागे न बघता. आर्वन त्या दोघींच्या मागे निघाला.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, आमची प्रार्थनासभा होती. आर्वन गुडघ्यांवर आला आणि मनापासून प्रार्थना करू लागला. हां, आवाजाला चालही लागली, खोटं का बोलू, माझेही डोळे पाणावले. गाय परत मिळाली म्हणून त्याने देवाचे आभार मानले. मेरियनच्या आवाजाबद्दल मानले. बहिणीच्या स्थिर हाताबद्दल, भावाच्या नाण्याबद्दल, कोरड्या हवेबद्दल, अगदी त्या टोपी काढणाऱ्या इंग्रज व्यापाऱ्याबद्दलही मानले. "माझी मुयार," तो दर कडव्याला म्हणत होता, "माझी मुयार, प्रभू!" मोठ्या बाकावरच्या सगळ्या माना हलल्या. ऑर्गनवरच्या आरशात एलिनेदचे डोळे मला दिसले. ती वाट बघत होती. एक नाव यायचं राहिलं होतं. आमेन झालं. ते नाव आलंच नाही. मागे, जिथे हीटर पोचत नाही तिथे, नेस्टा चहाचे कप मांडत होती.

तर आता उठाल, घरी जाल, आणि निजायच्या आधी दोन शब्द वर पाठवाल तेव्हा माझं एवढं मागणं ऐका. आर्वनचं नाव नाही घेतलंत तरी चालेल, त्याचं तो घेतो. पण नेस्टाची आठवण ठेवा. आमच्या चॅपलकडून ती राहून गेली आहे.